चौथीचा वर्ग आणि मतदाराचें माप

दिवाळीच्या सुटींत चांदूर रेल्वेस एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आम्हांस आला. नागपूर-भुसावळ मार्गावरील हें गांव. याच अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार नांवाचें दुसरें गांव असल्यामुळें या चांदुरास रेल्वेचें उपपद कायमचें चिकटलें आहे. स्नेह्यांचें कुटुंब जुन्या वळणाचें. थोरले बंधु जवळच्याच खेड्यावर राहून शेती पाहतात, धाकटे दोघे नोकरीनिमित्त अमरावतीस व नागपुरास असतात. पण दिवाळीला सारीं एका पंक्तीस बसतात. फराळ आटोपला, सुपारीचें तबक फिरलें आणि गोष्ट निघाली ती पुढेंमागें व्हावयाच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची. खेड्यावरच्या गटांतून एक सेवानिवृत्त शिक्षक उभे राहणार अशी वदंता होती, आणि निवडून आल्यास शिक्षण समितीवर जाण्याचा आपला मानस ते कोणापासून लपवीत नव्हते.

"माणूस हुशार आहे, हें मी नाकारीत नाहीं," थोरले बंधु म्हणाले, "पण जीभ किती फटकळ! देवळाच्या सभेंत पंचांना तो काय बोलला, तें अख्ख्या गांवानें ऐकलें. लग्न केलें तेंही परजातींत. अशाच्या हातीं लेंकरांच्या शाळा द्यावयाच्या?"

"अण्णा, त्यांचें लग्न त्यांच्या घरांत; शाळेचें छप्पर गांवाचें," नागपूरकर बंधूंनीं उत्तर दिलें. अमरावतीकरांची शंका निराळीच होती. उमेदवार म्हणतो, पट कमी झाला तरी गांवची शाळा बंद होऊं देणार नाहीं. मग त्यासाठीं लागणारा पैसा तो कोठून आणणार? वाद चांगलाच रंगला. इतक्यांत धाकट्या सूनबाई रिकाम्या ताटल्या उचलतांना सहज म्हणाल्या, "अण्णा, रागावूं नका, पण त्या शाळेंत आपल्या घरचें एक तरी मूल आहे का?"

यावर कोणीच बोललें नाहीं. त्या घरचीं सारीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकत होतीं.

परत येतांना आमच्या मनांत तो प्रश्न घोळत राहिला, आणि त्याबरोबरच या चांदुराशीं निगडित असलेली एक जुनी हकीकत आठवली. वादग्रस्त माणसाच्या हातीं शाळा द्याव्यात कीं नाहीं, हा प्रश्न या भागांतील मतदारांपुढें पहिल्यानें आलेला नाहीं.

अमरावती जिल्ह्यांतील पापळ या खेड्यांत २७ डिसेंबर १८९८ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत एक मुलगा जन्मास आला. गांवांत शाळा होती, परंतु तिसरीपर्यंतच. तिसरी उत्तीर्ण झालेल्या या मुलास पुढचा वर्ग गांवांत नाहीं एवढ्याच कारणास्तव आणखी एक वर्ष तिसरींतच बसावें लागलें. मग तो चांदूर रेल्वेच्या शाळेंत आला व तेथें त्यानें चौथी पुरी केली. पुढें कारंजा, मग अमरावतीचें हिंदु हायस्कूल, मग पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज, आणि तेथून थेट विलायत, अशी त्याची मजल गेली. एडिंबरो येथें त्यानें एम्. ए. केलें, ऑक्सफर्ड येथें डॉक्टरेट मिळविली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही दिली. डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम आणि विकास. हेच डॉ. पंजाबराव देशमुख, स्वतंत्र भारताचे १९५२ ते १९६२ या काळांतील कृषिमंत्री म्हणून त्यांना सारे ओळखतात.

परंतु १९२६ सालीं ते परत आले तेव्हां त्यांची ही कीर्ति अजून व्हावयाची होती, आणि जी झाली ती सर्वांना रुचेल अशी नव्हती. १९२७ मध्यें अमरावतीच्या अंबादेवीचें देऊळ अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें व्हावें, या चळवळीच्या अग्रभागीं ते उभे राहिले. त्याच वर्षीं त्यांनीं मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशीं आंतरजातीय विवाह केला. शिवाय ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी, म्हणून आपल्या वर्गांतील अनेक घरें त्यांच्याकडे साशंकतेनें पाहत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. वेदांवर प्रबंध लिहिणारा हा माणूस देवळाच्या दारांत मात्र जुन्या व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो, याचा उलगडा पुष्कळांना होत नसावा. आणि हाच माणूस १९२८ मध्यें अमरावती डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा अध्यक्ष निवडला गेला.

आजच्या वाचकांस डिस्ट्रिक्ट कौन्सिल हें नांव परकें वाटेल. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९२० च्या कायद्यानें आलेली ही स्थानिक स्वराज्याची संस्था. रस्ते, दवाखाने, विहिरी आणि मुख्यतः खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळा तिच्याकडे असत. मताचा अधिकार मिळकत किंवा साऱ्याच्या मानानें थोड्यांनाच होता. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें तें राज्यघटना आल्यावर. म्हणजे ज्यांचीं मुलें शाळेबाहेर राहत त्यांतील बहुतेकांना मत नव्हतें, आणि ज्यांना मत होतें त्यांतील पुष्कळांचीं मुलें कशीबशी का होईना, शिकत होतीं. सूनबाईंच्या प्रश्नाचें मूळ इतकें जुनें आहे.

अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनीं दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या आणि शिक्षणासाठीं कर वाढवून प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा मार्ग धरिला. सक्ती करण्याचा अधिकार मध्यप्रांतांतील स्थानिक संस्थांना १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानेंच मिळाला होता. परंतु अधिकार कागदावर असणें निराळें आणि त्यासाठीं करदात्याच्या खिशांत हात घालणें निराळें. विहिरीमुळें एक वर्ग दुखावला, करामुळें दुसरा. मात्र ज्या मुलास चौथीच्या वर्गासाठीं एक वर्ष वायां घालवून परगांवीं जावें लागलें होतें, तोच आतां चौथीचे वर्ग कोठें असावेत हें ठरविणाऱ्या खुर्चीवर बसला होता. १९३० नंतर ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३२ च्या सुमारास त्यांनीं उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांनीं पुढें सारा वऱ्हाड व्यापला.

आतां कोणी म्हणेल, यश आलें म्हणून तुम्ही त्यांचे गोडवे गातां. १९२८ च्या मतदारास हें पुढचें कोठून दिसणार? आक्षेप रास्त आहे. त्या मतदारापुढें होता तो तिसाव्या वर्षाच्या आंतला, देवळावरून गांव दुभंगलेला, जातीबाहेर विवाह केलेला एक बॅरिस्टर. परंतु त्यालाही एक गोष्ट विचारतां येत होती: हा माणूस शाळांविषयीं काय म्हणतो, आणि त्या म्हणण्याची किंमत स्वतः मोजावयास तयार आहे का? ज्यांनीं हें विचारलें त्यांना उत्तर मिळण्याजोगें होतें. ज्यांनीं केवळ लग्न आणि देऊळ पाहिलें त्यांनीं शाळेचा प्रश्न विचारलाच नाहीं.

हा वाद एका जातीचा दुसरीशीं, एवढाच समजण्याचें कारण नाहीं. १९२० मध्यें पुण्यांत नगरपालिकेनें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावयाचें ठरविलें, तेव्हां मुलींनाही सक्ती लावावी कीं प्रथम मुलांपुरतीच लावावी, यावरून मोठें रण माजलें. दोन्ही बाजूंस आपल्याच घरांतील विद्वान माणसें होतीं. प्रथम मुलगे, मुलींचें मागाहून, असें म्हणणाऱ्यांत लोकमान्य टिळकांसारखे थोर नेतेही होते, आणि त्यांचें मुख्य कारण पैशाची टंचाई हेंच होतें. उलट बाजूस रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांना संघटित करून मुलींच्या सक्तीसाठीं चळवळ उभारली. त्याच्याही आधीं, १९११ मध्यें, नामदार गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें होतें. १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. कोल्हापुरांत मात्र शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें, आणि बडोद्यांत सयाजीरावांनीं त्याहीपूर्वीं १९०६ मध्यें, सक्तीचें शिक्षण आणलें होतें. राजाला मतें मागावयाचीं नव्हतीं. कर कोणीं द्यावयाचा हा वाद त्याच्या एका हुकुमानें मिटे. मतें मागणाऱ्यास तो वाद मतदारापुढेंच सोडवावा लागतो, आणि तो सोडवितांना मतदार पैशाविषयींचा आपला संकोच पुष्कळदां रीतीच्या, धर्माच्या किंवा चारित्र्याच्या भाषेंत बोलून दाखवितो. आमच्या स्नेह्यांच्या घरीं तरी निराळें काय घडलें? थोरल्यांनीं लग्नाची गोष्ट काढली आणि मधल्यांनीं पैशाची. त्यांतल्या त्यांत मधल्यांचा आक्षेप अधिक प्रामाणिक होता असें आम्हांस वाटतें.

चौथीच्या वर्गाचा प्रश्न जुना झाला, असेंही समजूं नये. डिस्ट्रिक्ट कौन्सिलें गेलीं आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या; खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावयास हवी. तरीही पट घटतो, आणि पट घटला कीं शाळेवर संकट येतें. दहांहून कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१७ मध्यें घेतला. २०२३ मध्यें विसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना पुढें आली. बाजू दोन्ही आहेत. सात मुलांच्या शाळेंत खेळगडी नसतात, सर्व विषयांना शिक्षक मिळत नाहींत, हें खरें. परंतु शाळा चार कोस दूर गेली कीं पहिल्यानें घरीं बसते ती मुलगी, हेंही तितकेंच खरें. अशा वेळीं त्या सेवानिवृत्त शिक्षकांची प्रतिज्ञा पोकळ आहे कीं भरीव, हें तपासणें हेंच मतदाराचें खरें काम होय. त्यांच्या कुंडल्या पाहणें हें नव्हे.

मग माप कोणतें लावावें? आमच्या अल्पमतीप्रमाणें तीन प्रश्न पुरे आहेत. पहिला, उमेदवार आपल्या भागांतील शाळांत प्रत्यक्ष जाऊन आला आहे का, कोणत्या शाळेंत किती मुलें व किती शिक्षक आहेत हें त्यास तोंडपाठ आहे का? दुसरा, जें करावयाचें म्हणतो त्यास पैसा कोठून येणार हें तो स्पष्ट सांगतो का, कीं अप्रिय होईल म्हणून गिळतो? तिसरा, ज्यांना त्याचें तोंड पाहणें आवडत नाहीं त्यांच्याही मुलांसाठीं तो तितक्याच तळमळीनें झटेल, असें त्याच्या आजवरच्या वागण्यावरून दिसतें का? चारित्र्य पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. लांच खाणारा, मुलांशीं निर्दयपणें वागणारा, शिक्षकांच्या बदल्यांचा बाजार मांडणारा मनुष्य शाळांच्या आसपासही नको. परंतु लग्न कोणाशीं केलें, हें चारित्र्यांत येत नाहीं, आणि पंचांना सत्य सुनावलें हेंही नाहीं. सुनावलें तें असत्य होतें काय, एवढेंच पाहावें.

याबरोबर एक चौथा प्रश्न आपण स्वतःस विचारावयाचा आहे, आणि तो सूनबाईंनीं आधींच विचारला आहे. सुशिक्षित घरांनीं आपलीं मुलें सार्वजनिक शाळेंतून काढून घेतलीं. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याचीं कारणेंही असतील. पण त्या शाळेवरील मताचा अधिकार मात्र आपण सोडलेला नाहीं. ज्या पंगतीला आपण जेवणार नाहीं, तिच्या स्वयंपाक्याची निवड आपल्या हातीं आहे. अशा वेळीं अधिक जबाबदारीनें वागावें लागतें, कारण मीठ कमी पडलें तर तें आपल्या जिभेला कळणार नाहीं. शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालकांतून घेतले जातात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, यामागचा हेतु हाच: ज्यांचें मूल वर्गांत बसतें त्यांना बोलावयास जागा असावी. आपल्याला मत द्यावयाचें असेल तर आधीं त्यांच्याकडे जाऊन ऐकावें.

चांदूरच्या त्या घराची हकीकत अर्धीच सांगितली. सूनबाईंच्या प्रश्नानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आजींनीं मग थोरल्यांस विचारलें, "अरे, आपल्या शेतावर कामाला येते तिची पोर कितवींत आहे?" थोरल्यांना सांगतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडीसाठीं निघालों, तेव्हां ते खेड्यावर जाण्यास चपला घालीत होते. "आज शेताआधीं त्या पोरीच्या घरीं जाऊन येतों," ते म्हणाले, "कितवींत आहे, आणि सुटी संपल्यावर तिची शाळा उघडणार आहे का, तेवढें विचारून घेतों." मत कोणाला देणार, हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीही विचारलें नाहीं.