मणिबेलीचं मत नेमकं कुठे मोजायचं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप.

"नेते निवडून येतात एका पक्षातून, बसतात दुसऱ्यात. मग मध्ये दलाल हवाच कशाला? मोबाईलवर ॲप द्या, प्रत्येक कायद्यावर आम्हीच मत देतो." हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दर निवडणुकीला ऐकतो. राग मलाही येतो. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो: ॲप हा यातला सोपा भाग. अवघड प्रश्न हा की, कुठल्या निर्णयासाठी मतदार यादी कोणती?

यासाठी मणिबेलीला जाऊया. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. विधानसभेचा १ नंबरचा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातलं १ नंबरचं मतदान केंद्र मणिबेली. म्हणजे महाराष्ट्राची मतदार यादी इथून सुरू होते! आणि सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडू लागलेलं गावही हेच. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, अशी मागणी जगभरातल्या संघटनांनी १९९४ मध्ये केली, त्या जाहीरनाम्याला नावही मणिबेलीचंच दिलं.

आता कल्पना करा, तेव्हा आपलं ॲप असतं. प्रश्न: धरण हवं की नको? पाणी आणि वीज मिळणारे कोट्यवधी लोक एका बाजूला, बुडणारी गावं दुसऱ्या बाजूला. निकाल काय लागला असता? एकही नेता विकला न जाता मणिबेली बुडालीच असती, तीही बहुमताने.

म्हणजे थेट लोकशाही वाईट का? नाही. फक्त मत कुठल्या पातळीवर मोजायचं, हे आधी ठरवावं लागतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामसभेची संमती हा विषयच नव्हता. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करायला सांगितलं. विचारविनिमय, संमती नव्हे! विचारायचं, ऐकायचं आणि पुढे जायचं, एवढी फट त्यात राहिली. २०१३ च्या कायद्यात 'पूर्वसंमती' हा शब्द आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ओडिशातल्या नियमगिरीत १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि खाण थांबली. फरक एका शब्दाचा, पण तोच सगळा खेळ.

आपल्याकडे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, पण हरलेला गट उरत नाही. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

आणि स्वित्झर्लंडचं उदाहरण देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांनी सार्वमत घेऊन बायकांना मताधिकार नाकारला. तो मिळाला १९७१ मध्ये. यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्यासाठी थेट लोकशाहीसुद्धा परक्यांचंच राज्य असते.

तेव्हा नेत्यांवर विश्वास नसेल, तर सुरुवात ॲपपासून नको. गाव असेल तर ग्रामसभेला जा. पुढच्या सभेची तारीख विचारा, मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. शहरात असाल तर आपल्या वॉर्डात अशी सभा होते का, हे तरी बघा. मग बोलूच, पुढच्या भागात!