पंचगंगेचा आलेख

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी पहिली चौकशी करतात ती पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीची. हे आकडे वेळेसमोर मांडले की शाळेच्या गणितातली बरीचशी फलं वहीत उतरतात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. या झाल्या दोन आडव्या रेषा, म्हणजे स्थिर फलं. दर तासाला पातळी सारख्याच इंचांनी वाढली, तर तिरपी सरळ रेषा. फरक बदलत गेले, पण फरकांमधले फरक सारखे राहिले, तर अन्वस्त. पूर ओसरताना दर दिवशी उरलेल्या पाण्याचा ठरावीक हिस्साच घटत असेल, तर घातांकी फल: आधी उतार तीव्र, मग मंद.

मला सर्वांत आवडतो तो राधानगरी धरणाच्या विसर्गाचा आलेख. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की 1428 क्युसेक विसर्ग. आलेख एकदम उडी घेतो आणि पुढचा दरवाजा उघडेपर्यंत सपाट राहतो. हे पायऱ्यांचं फल. इथं ठिपके तिरक्या रेघेनं जोडणं साफ चूक.

शिक्षकांनो, यंदा जुलैत वर्तमानपत्रातले रोजचे आकडे मुलांना आलेखकागदावर मांडायला द्या.