उज्जैनच्या घरात एलईडी: हिशेब काय सांगतो?

60 वॉटचा जुना पिवळा बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावा. रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. युनिटला 6 रुपये धरले, तरी साडेपाचशे रुपये! शंभराचा बल्ब दोन-अडीच महिन्यांत फिटतो.

उज्जैनकरांचा खरा फायदा मात्र याहून मोठा आहे. मध्य प्रदेशच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत राहिला, तर पहिली 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. त्यापुढे गेलात की सवलत बुडाली. असे चार बल्ब बदलले, तर महिन्याला 30 युनिट कमी होतात. ज्यांचे बिल 170-175 युनिटवर अडते, त्यांनी हे आजच करावे.

सीएफएल असेल तर घाई नको. तिथे बचत जेमतेम. बल्ब गेल्यावरच बदला. त्यात पारा असतो, म्हणून फुटल्यास खिडक्या उघडा, काचा हाताने उचलू नका.

घेताना खोक्यावर ‘वॉटमागे ल्युमेन’ आणि स्टार लेबल पाहा. रस्त्यावरचा बिनानावाचा स्वस्त बल्ब घेऊ नका.