सेवा १४०, इंजिनिअर ३

नेटफ्लिक्सने मायक्रोसर्व्हिसेसची, म्हणजे एका मोठ्या सॉफ्टवेअरऐवजी अनेक छोट्या स्वतंत्र सेवांची, वाट धरली ती हौसेने नव्हे. ऑगस्ट २००८मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर एकसंध सॉफ्टवेअरचे तुकडे करत स्ट्रीमिंगचा कारभार अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हलवायला २०१६ उजाडलं. बाकीच्यांनी ही सात वर्षं वगळून आराखडा तेवढा उचलला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सेगमेंट कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. ग्राहकांचा डेटा गूगल अ‍ॅनालिटिक्ससारख्या ठिकाणी पोचवणं हे तिचं काम. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी सेवा, डेटाची वेगळी रांग. संख्या गेली १४०च्या वर. सामायिक लायब्ररीत बदल केला, की डझनावारी सेवा पुन्हा तपासून चढवायच्या. घाईतला माणूस हातातल्या सेवेपुरता बदल करून मोकळा व्हायचा, मग प्रत्येकीत लायब्ररीची निराळीच आवृत्ती. तीन इंजिनिअरांचा बहुतेक वेळ हा गाडा चालू ठेवण्यातच जायचा. अखेर सगळ्या सेवा पुन्हा एकत्र केल्या आणि २०१८मध्ये कंपनीने ते जाहीरपणे लिहिलंही.

खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका गटाने प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारी विखुरलेली यंत्रणा एकाच प्रोसेसमध्ये आणली. २०२३मध्ये त्यांनी सांगितलं, तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. जगभरचे प्रोग्रामर जिथे अडल्यावर धाव घेत, त्या स्टॅक ओव्हरफ्लोचा पसारा तर कित्येक वर्षं एकसंधच होता. वेब सर्व्हर: नऊ.