'अरे'ला आणि 'अहो'ला एकच शब्द

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की घरेच्या घरे पहाटे जंगलात जातात. 'आई पाने गोळा करते, बाबा पाने गोळा करतात.' बऱ्याच घरांत असेच बोलतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. हेच वाक्य एस्पेरांतो भाषेत उतरवायला घ्या. आईसाठी 'कोलेक्तास' आणि बाबांसाठीही 'कोलेक्तास'! मग ध्यानात येते की मराठीने बाबांना 'करतात' म्हणून मान दिला आणि त्याच उन्हात राबणाऱ्या आईला एकेरीत ठेवले.

एस्पेरांतो ही कोणत्या देशाची किंवा जातीची भाषा नाही. डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी ती तयार केली आणि १८८७ साली वॉर्सात तिचे पहिले पुस्तक काढले. त्यांचा जन्म १८५९ चा, बियालिस्तोक गावचा. तेथे रशियन, पोल, जर्मन आणि ज्यू शेजारी राहून एकमेकांचा द्वेष करीत. झामेनहोफ स्वतः ज्यू, म्हणजे तुच्छ लेखल्या जाणाऱ्यांपैकी. सर्वांना सारखी परकी आणि सारखी सोपी भाषा असावी, ही त्यांची तळमळ. भाषेवरचा मालकी हक्कही त्यांनी सोडून दिला. हिटलरला ही भाषा खुपली. झामेनहोफ १९१७ साली वारले, पण त्यांच्या तिन्ही मुलांना पुढे नाझींनी ठार केले.

आपल्याकडे पवनारच्या विनोबांनीही ती शिकून घेतली होती. स्वतःच्या बळावर भाषा शिकण्याचे म्हणाल, तर शाळेत संस्कृत नाकारले गेलेल्या बाबासाहेबांनी पुढे पालीचा शब्दकोश रचला. त्याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही.

व्याकरणाचे नियम सोळाच. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ'. 'आर्बो' म्हणजे झाड, 'आर्बारो' म्हणजे झाडांचा समूह, आपले जंगल. 'साना' म्हणजे निरोगी, 'मालसाना' आजारी, 'मालसानुलो' आजारी माणूस आणि 'मालसानुलेयो' दवाखाना. एका मुळातून इतके शब्द निघतात, म्हणून पाठांतर कमी. तेंदूसारख्या झाडाचे नाव तसेच ठेवून त्याला 'फोलिओ', म्हणजे पान, जोडले की काम भागते.

मुलामुलींनी शिकावे कसे? शिकवणीची गरज नाही. 'लेर्नू' हा इंटरनेटवरचा फुकट अभ्यासक्रम २००२ पासून आहे, मोबाईलवर चालतो. पण नुसते धडे वाचून भाषा येत नाही. रोज घरातली पाच मराठी वाक्ये वहीत भाषांतरित करावी. दुसऱ्या दिवशी मूळ वाक्ये झाकून भाषांतरावरून पुन्हा मराठी लिहावे आणि दोन्ही ताडून पाहावे. जे वाटेत हरवले, तोच खरा धडा.

काय हरवते पाहा. 'बस रे', 'बसा', 'बसावे साहेब' या तिन्हींचे तिकडे एकच होते, 'सिदीजू'. तू, तुम्ही आणि आपण यांना मिळून एकच 'वि'. मालगुजारालाही 'वि' आणि त्याच्या सालगड्यालाही 'वि'. आदर दाखवायचा तर आधी 'बोन्वोलू', म्हणजे कृपया, लावावे. पण ते साहेबाला लावाल तसे झाडूवाल्या बाईलाही लावता येते. म्हाताऱ्या माणसाला परक्या पोराने 'अरे' म्हणून हाक मारलेली ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पोटासाठी इंग्रजी आधी, याबद्दल आमचे दुमत नाही. एस्पेरांतोने नोकरी लागणार नाही. शेजारी गोंडी किंवा माडिया बोलणारे घर असेल, तर त्यांची बोली शिकायलाही हीच वहीची पद्धत वापरावी, आणि आमच्या मते तीच आधी.

मराठीचे पारडे जड कोठे, तेही वहीत दिसेल. 'मामा आला, काकाही आले' हे वाक्य करून पाहा. दोघांनाही तेथे एकच शब्द आहे, 'ओंक्लो'. कोण आईकडचा आणि कोण बाबांकडचा, हे वेगळे लिहावे लागेल.