विमानतळ-निर्जंतुकीकरण
विमानप्रवासातून सांसर्गिक रोगांचा प्रसार होऊ नये म्हणून विमानतळ, सामान व विमाने यांवर केल्या जाणाऱ्या रोगप्रतिबंधक उपायांना स्थूलमानाने ही संज्ञा देतात. त्यांत जंतुनाशन, कीटकनाशन व मूषकनाशन या तीन भिन्न क्रिया येतात. कोणती क्रिया योजावयाची, हे रोगाच्या प्रसारमार्गावर अवलंबून असते.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवल्यावर १८९७ मध्ये साथरोग अधिनियम झाला. त्या काळी बंदरे व रेल्वे स्थानके यांवर प्रवाशांची तपासणी होई. हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आरोग्य करार १९३३ मध्ये हेग येथे झाला, तर भारतात विमानविषयक सार्वजनिक आरोग्य नियम १९५४ मध्ये करण्यात आले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर केंद्र शासनाची विमानतळ आरोग्य संघटना हे काम पाहते.

कीटकनाशन : भारतात पीतज्वर आढळत नाही, परंतु त्याचे विषाणू वाहून नेणारा ईडिस इजिप्ती हा डास येथे सर्वत्र आहे आणि बहुसंख्य लोकांना त्या रोगाची लस दिलेली नसते. त्यामुळे बाधित प्रवासी वा विमानातून आलेला बाधित डासही साथीस कारण होऊ शकतो. म्हणून पीतज्वरग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्या विमानांत परमेथ्रीन, डी-फेनोथ्रीन यांसारखी कीटकनाशके फवारतात व लसीकरणाचे प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. विमानतळाभोवती किमान ४०० मी. अंतरापर्यंत रोगवाहक कीटकांचे नियंत्रण आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांनुसार (२००५) आवश्यक आहे. टाक्या झाकणे व साचलेले पाणी काढून टाकणे हा त्याचा पाया होय.

जंतुनाशन : पृष्ठभागावरील मळ जंतुनाशकाची क्रिया मंदावतो, म्हणून प्रथम धुऊन नंतर जंतुनाशक लावतात व ते ठराविक वेळ ओले राहू देतात. फरशीसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरता येते; मात्र ते धातू, विशेषतः ॲल्युमिनियम, गंजविते. म्हणून विमानात अन्य संमत रसायने वापरतात.

मर्यादा : कोविड-१९ च्या साथीत अनेक ठिकाणी माणसांवरही जंतुनाशके फवारली गेली. शरीरात शिरलेल्या विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही. उलट डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना इजा होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच अशा फवारणीविरुद्ध सूचना दिली होती. हा रोग मुख्यत्वे श्वासावाटे पसरतो, हे पुढे स्पष्ट झाल्याने वायुवीजन व मुखपट्टी यांना फवारणीपेक्षा अधिक महत्त्व आले. प्रसारमार्ग न जाणता केलेले निर्जंतुकीकरण सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण करते.