घामाला वाट हवी
(लेखमाला : जाड टायरची सायकल, लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात टायरमध्ये हवा किती ठेवायची ते पाहिलं. आज अंगावर काय घालायचं ते पाहू. नवी सायकल घेणाऱ्याला हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो आणि पहिल्याच रविवारी सगळ्यात आधी बोचतो.

कोपरगावात डोंगर नाही, हे सांगायला नकोच. गोदाकाठची काळी, सपाट जमीन. डोंगर हवा तर उत्तरेला येवल्याच्या पुढे अंकाई-टंकाई गाठायची, नाहीतर पश्चिमेला अकोले तालुक्यात शिरायचं. १६४६ मीटरचं कळसूबाई तिकडेच आहे. पण माउंटन बाइकला डोंगरापेक्षा मोडका रस्ता जास्त लागतो आणि त्याची आपल्याकडे ददात नाही. नांदूर मध्यमेश्वरहून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांचे भराव आहेत, उसातून जाणाऱ्या पाणंदी आहेत, नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटा आहेत. (समृद्धी महामार्गही तालुक्यातून जातो, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे. बरंच आहे म्हणायचं.)

या वाटांवर सायकल हळू चालते, आणि कपड्यांचा सगळा विचार इथून सुरू होतो. डांबरी रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याला वारा फुकट मिळतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हाचे त्यांचे फोटो पाहून अंगाला चिकटलेल्या जर्सीचा मोह अनेकांना पडला असेल. पण ती जर्सी वारा कापण्यासाठी असते. फुफाट्यातून ताशी आठ-दहाने चढताना कापायला वाराच नसतो. उलट पाठीमागून मंद झुळूक असली तर ती आपल्याच वेगाने चालते आणि अंगाला हवा म्हणून लागत नाही. पाय मात्र तेवढंच काम करत असतात. सायकल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा पाचवा, फार तर चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता. ती बाहेर काढायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम, आणि तोही अंगावरून वाळलेला घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोपरावरून टपकून मातीत पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. माठातलं पाणी गार होतं ते पाझरून वाळतं म्हणून. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला की पाणी कोमट ते कोमटच. बाजारात ‘स्पोर्ट्स’ म्हणून लटकवलेली चकचकीत जॅकेटं आणि आतून रबराचा थर दिलेले विंडचीटर हे असे रंगवलेले माठ आहेत.

म्हणून कापड घेताना लेबल वाचण्याआधी तीन गोष्टी करा. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला ती लागली पाहिजे. मग ते उजेडाकडे धरा आणि विणीतून उजेड कितपत येतो ते बघा. शेवटी दुकानदाराची परवानगी घेऊन पाण्यात बोट बुडवून कापडाच्या आतल्या बाजूला एक थेंब सोडा. साध्या सुती होजिअरीवर तो शोषला जाईल आणि तिथेच गडद डाग होऊन बसेल. स्वस्त, गुळगुळीत पॉलिस्टरवर तो मोत्यासारखा गोल राहील आणि कापड तिरकं केलं की घरंगळेल. चांगल्या ड्राय-फिट कापडावर मात्र थेंब पडताक्षणी चपटा होतो आणि बघता बघता रुपयाएवढा, मग पुरीएवढा पसरतो. हाच पसरलेला घाम लवकर वाळतो. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. बारीक तंतूंमधल्या फटींतून पाणी ओढलं जातं आणि बाहेरच्या बाजूला पसरतं. कापूस पाणी तंतूच्या आतच घेतो, म्हणून तो जड होतो आणि सावकाश वाळतो.

इथे सायकलवाल्यांमध्ये कापसाला सरसकट शिव्या घालायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत घाम इतका झपाट्याने वाळतो की अंग ओलं झाल्याचंही कळत नाही, नुसते बाह्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. तेव्हा सैल, पातळ सुती सदरा दोन तासांच्या फेरीला चांगला चालतो. थोडा ओलावा धरून ठेवतो तो गारव्याच्या कामीच येतो. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याचा ढगळ नेहरू शर्ट आणि डोक्याला गुंडाळलेलं उपरणं यात अडाणीपणा काही नाही. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक गमतीदार अभ्यास आला होता. वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे का घालतात, हा प्रश्न होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो हे खरंच, पण झगा इतका सैल असतो की ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच हवेबरोबर निघून जाते. रंगाची चिंता कमी करा आणि एक माप मोठं घ्या, एवढा बोध सायकलवाल्याला पुरे. अर्थात बाही हँडलमध्ये अडकेल किंवा टोक सीटच्या नाकाला गुंतेल इतकं ढगळ नको.

कापूस दगा देतो तो थंडीत. शेजारच्या निफाडचा पारा एखाद्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाच अंशांखाली गेल्याची बातमी आपण वाचतोच, आणि पहाटे कालव्यावर त्या बातमीचा अर्थ कळतो. अर्धा तास जोर लावून आत टी-शर्ट भिजला, चहाला थांबलात, की तोच ओला कापूस पाठीला बर्फाच्या पट्टीसारखा चिकटतो. अशा दिवसांत अंगालगत पातळ ड्राय-फिट किंवा परवडली तर मेरिनो लोकरीची बनियन घालायची. तिच्यावर एक साधा थर, आणि सगळ्यात वर चेन असलेलं काहीतरी, जे चालू सायकलवर उघडता येईल. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घरातून उबदार निघालेला माणूस तिसऱ्या किलोमीटरला घामाघूम होतो. उतारावर छातीला वारा झोंबला तर युरोपातल्या जुन्या शर्यतवाल्यांची युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे: घाटमाथ्यावर वर्तमानपत्राची घडी जर्सीच्या आत छातीशी सरकवायची आणि खाली उतरल्यावर काढून टाकायची. कालचा पेपर त्याला पुरतो.

आता कमरेखाली. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर ते जर्सीवर नकोत, पॅड लावलेल्या आतल्या शॉर्ट्सवर करा. जीन्स घालून सायकल मारणाऱ्याने एकदा ती उलटी करून बघावी. पुढची, मागची आणि दोन्ही पायांची शिवण जिथे एकत्र येते, तिथे कापडाचे थरावर थर बसून गाठ तयार झालेली असते, आणि ती नेमकी सीटवर भार पडतो तिथेच येते. त्यात घाम आणि धूळ मिसळली की जांघा सोलवटल्याच म्हणून समजा. १९७६ साली कॅलिफोर्नियात टॅमलपायस डोंगराच्या परिसरात ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली, तेव्हा पोरं जीन्स, जाड चौकड्यांचे शर्ट आणि कामाचे बूट घालूनच सायकली सोडत. पण त्यांना फक्त खाली यायचं होतं आणि पडलं तर कातडी वाचवायची होती. आपल्याला तासन्‌तास पॅडल मारायचं असतं.

पॅडच्या शॉर्ट्सखाली दुसरं काहीही घालायचं नाही. हे सांगताना दुकानदार लाजतात आणि गिऱ्हाईक विचारायला लाजतं, त्यामुळे निम्मे लोक आत चड्डी घालून पॅडचा उपयोग घालवून बसतात. पॅड कातडीलगतच बसायला हवं, म्हणजे मधे घासणारी शिवण राहत नाही. गावातून तसं जायला संकोच वाटतो, तो रास्तच आहे. वरून सैल बरमुडा किंवा पातळ ट्रॅक पँट चढवा. माउंटन बाइकवाले जगभर तसंच करतात. ट्रॅक पँटचा उजवा पाय मात्र घोट्याशी आवळून घ्या. पायजम्याची मोहरी चेनमध्ये जाऊ नये म्हणून जुनी माणसं तिला क्लिप लावत किंवा पाय मोज्यात खोचत, त्याला आजही पर्याय नाही. मुलींनी ओढणी घरी ठेवावी किंवा अंगावर घट्ट बांधावी. मागच्या चाकात गेलेली ओढणी फार वाईट पाडते.

उसातून जायचं असेल तर बाह्या पूर्णच हव्यात. उसाच्या पात्याची धार करवतीसारखी असते आणि घामाने भिजलेल्या हातावर तिचे ओरखडे संध्याकाळपर्यंत चुरचुरतात. पातळ आर्म स्लीव्ह याला उत्तम, उन्हालाही चालतात. वेड्या बाभळीचा काटा कुठलंच कापड अडवत नाही, त्यामुळे त्यासाठी जाड कपडे घालून उकडून घेण्यात अर्थ नाही. गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, पहाटे आणि संध्याकाळी कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत अंगावर काळं घालून निघू नका. भडक रंग आणि पाठीवर चमकणारी पट्टी, एवढं बघा.

पावसाळ्याचं गणित निराळं. कोपरगावात वर्षाचा पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या घरात, तर याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडे तो हजारोंनी मोजतात. तिकडे आषाढात गेलात तर हवाच इतकी ओली असते की कुठलंही कापड घाम वाळवू शकत नाही. महागडं रेनजॅकेटसुद्धा तासाभरात आतून भिजतं. तिथे भिजायचंच आहे हे धरून चाला. पाणी न धरणारं पातळ कापड घाला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी बनियन व मोजे ठेवा.

राहिलं धुणं. ड्राय-फिट कापडाला घामाचा वास कापसापेक्षा लवकर लागतो आणि चिकटून बसतो. आल्या आल्या साध्या पाण्यातून काढून पिळायचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात अर्धी बादली पुरते ही मोठीच सोय. सुगंधी सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसून घाम पसरणंच बंद होतं. पॅड उलटं करून वाळवायचं, आणि ते आतपर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा घालायचं नाही. वरून कोरडं लागलं तरी बोटाने दाबून बघा. पुढच्या आठवड्यात हेल्मेट आणि हातमोजे.